‘घरकुल’ ग्रुप : नानांचा पंचाहत्तरीचा मासा

प्रसाद (सिअ‍ॅटल): शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय. नानांच्या मासेमारीच्या सहलीसाठी तिन्ही लॉजची माहिती टाकून नऊ दिवस झाले. चौदा जणांनी वाचलंय, उत्तर फक्त आत्याचं आलंय, आणि तेही 🙏. नानांची पंचाहत्तरी मी एकट्यानेच ठरवायची असेल तर तसं सांगा.

मंदाआत्या: बोटीवर संडास आहे का?

शिरीषकाका: प्रसाद, चिडू नकोस. मी अभ्यास करत होतो. माझं मत अलास्कातलं होमर. हॅलिबट माशाची जागतिक राजधानी म्हणवतात स्वतःला. अँकरेजहून गाडीने पाचेक तास, वाटेत केनाई नदी. 1985 साली तिथे 97 पौंडांचा किंग सॅमन गळाला लागला होता. अजून विक्रम मोडलेला नाही. नानांचा फोटो तिथेच निघाला पाहिजे.

प्रसाद: काका, केनाईत मोठे किंग येईनासे झालेत. 2023 पासून किंगची मासेमारी बंद ठेवतायत. फोटो निघेल तो बंदीच्या पाटीचा.

शिरीषकाका: मग हॅलिबट तरी धरा. होमरला माणशी दोन चालतात.

प्रसाद: दोन, पण त्यातला एक ठरलेल्या मापाहून लहान हवा. शिवाय चार्टर म्हणजे भाड्याच्या बोटींना आठवड्यातून हॅलिबट बंदचा वार असतो. गेली काही वर्षं बुधवार आहे.

वैशालीवहिनी: आपल्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी. त्यांच्याकडे बुधवार. नानांना मासा धरायला उरले किती दिवस? 😄

सुधाकाकू: सॅमन म्हणजे आपला रावसच ना? मग एवढं लांब कशाला?

निखिल (सॅन होजे): काकू, रावसाला हॉटेलवाले ‘इंडियन सॅमन’ म्हणतात तेवढंच. नातं काही नाही. हॅलिबट मात्र आपल्या लेपाच्या जातीतला. दोन्ही डोळे एकाच बाजूला, तळाशी चिकटून पडलेला. फक्त हा लेप दाराएवढा होतो.

सुधाकाकू: दाराएवढा लेप कुठल्या तव्यावर भाजणार

ऋचा (व्हँकुव्हर): मी परत सांगते, आमच्या कॅनडातलं हैदा ग्वाय. सीप्लेनने थेट लॉजवर. 30 पौंडांवरच्या किंगला इथे ‘टायी’ म्हणतात, आणि त्यांचीच ती जागा. माझ्या ऑफिसातले दोघं जाऊन आले.

निखिल: ताई, कॅनडात शिरलो की परत येताना माझ्या अमेरिकन व्हिसाचा घोळ. अडकलो तर मीच तिथला टायी. आणि नानांना कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे ना?

ऋचा: दर वेळी तुमच्याच व्हिसाप्रमाणे ठरतं सगळं. चालू द्या.

मंदाआत्या: कोणी सांगेल का, बोटीवर संडास आहे का? 75 वर्षांचा माणूस आठ तास समुद्रात.

शिरीषकाका: ऑगस्ट धरा. ऑगस्टमध्ये कोहो सॅमन भरपूर, आणि स्वस्त पडतं.

सुधाकाकू: श्रावण

शिरीषकाका: धरायला कुठे हरकत आहे? खाऊ नका.

सुधाकाकू: श्रावण!!

प्रसाद: जूनच. अलास्कातल्याच सिटकाला किंग आणि हॅलिबट दोन्ही एका खेपेत मिळतात. राज्याबाहेरच्या माणसाला किंगचा वर्षाचा कोटा मोजकाच, तोही सहसा जुलैत घटतो.

वैशालीवहिनी: म्हणजे आपल्याकडे 1 जूनला मासेमारी बंद होणार तेव्हा नाना तिकडे गळ टाकणार. सुटले एकदाचे, दोन महिने सुकट नाही.

प्रसाद: तर सिटका. सिअ‍ॅटलहून थेट विमान, लॉज गावातच, धुकं पडलं तरी सीप्लेनची वाट बघत बसायला नको. बोटीवर चौघे. मासा साफ करून, गोठवून, 50 पौंडांच्या खोक्यात भरून देतात, तेच विमानात चेक-इन करायचं. एक गोष्ट आत्ताच सांगतो, मग मला बोल लावायचा नाही. तिथे चार्टरवर माणशी दिवसाला एकच हॅलिबट, तोही एक तर लहान, नाही तर 80 इंचांवरचा. मधल्या मापाचा सगळा परत पाण्यात. माप दरवर्षी बदलतं.

शिरीषकाका: 80 इंच म्हणजे?

निखिल: अडीचशे पौंडांच्या आसपास. तुम्ही आणि वर आणखी अर्धे तुम्ही.

शिरीषकाका: निखिल, मोठ्यांशी बोलतोयस.

शिरीषकाका: म्हणजे साठ इंचांचा लागला तर सोडायचा? मग माहितीपत्रकात तो माणूस कशाला मिठी मारून उभा आहे?

प्रसाद: तो फोटो कधीचा ते मीही विचारलं. अजून उत्तर नाही.

ऋचा: लहानच चवीला चांगला. मोठ्या बहुतेक माद्या, अंडी घालणाऱ्या. इथे कित्येक जण हौसेने सोडतात.

शिरीषकाका: इतके पैसे देऊन सोडायचा असेल तर माझा हिस्सा मी मासा बघून देईन.

वैशालीवहिनी: तारकर्लीचा हिस्सा पण बघूनच देणार होतात, भाऊजी. 2019 ला.

शिरीषकाका: हा विषय इथे काढायचं कारण नव्हतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, मला एसी खोली मिळाली नाही.

*शिरीषकाकांनी हा मेसेज डिलीट केला आहे*

सुधाकाकू: मी वाचला होता. सगळ्यांनी शांत राहा. प्रसाद किती धडपडतोय 🙏

मंदाआत्या: संडासाचं राहिलंच. आणि धक्क्यावरून बोटीत उतरायला काय आहे? गुडघे.

प्रसाद: आत्या, धक्का तरंगता आहे. ओहोटी पूर्ण असेल तर उतार एकदम उभा होतो, म्हणून भरतीच्या वेळा बघून निघू. कठडा धरून उतरायचं, मी पुढे असेन. बोटीला बंद केबिन आणि हीटर आहे. ऋचाच्या लॉजच्या बोटी उघड्या आहेत, म्हणून तो मी गाळला. ऋचा, रागावू नकोस.

ऋचा: 👍

नाना: सगळं वाचलं. मोठा मासा नसला तरी चालेल. श्रावण टाळा. मंदे, रेवसच्या लाँचीवर तीस वर्षं कुठे होता संडास? भाऊच्या धक्क्यापर्यंत जातच होतो ना.

मंदाआत्या: तेव्हा तू रात्री चार वेळा उठत नव्हतास.

प्रसाद: आत्ताच फोन करून विचारलं. सिटकाच्या बोटीवर आहे. कडी आतून लागते.

मंदाआत्या: मग भर डिपॉझिट.