७५ राउंड, ते पण ग्लोव्हजशिवाय? कोच फेकतोय का?

घणसोली_लोकल:
मुलाला वाशीत बॉक्सिंगच्या क्लासला घातलाय, मी बाहेर बाकड्यावर बसून असतो. परवा पोरं तिसऱ्या राउंडलाच ढेपाळली तर सर म्हणाले, अरे पूर्वी अमेरिकेत उघड्या मुठींनी लढायचे, जॉन सुलिव्हन नावाचा गडी १८८९ मध्ये भर उन्हात ७५ राउंड लढला, आणि तुम्ही? मी परत येताना ट्रेनमध्ये हिशोब केला. तीन मिनिटांचा राउंड, मधे एक मिनिट विश्रांती, म्हणजे जवळजवळ पाच तास झाले. एवढा वेळ मला नुसतं उभं राहता येत नाही. हे खरंय की पोरांना घाबरवायला फेकलेलं?

कोपरीकर:
सर फेकत नाहीयेत, तुमचा हिशोब गंडलाय. तीन मिनिटांचा राउंड हा क्वीन्सबेरी नियम, १८६७ चा, ग्लोव्हजवाला. सुलिव्हन आणि जेक किलरेन लढले ते जुन्या लंडनच्या नियमांनी, त्यात राउंडला घड्याळच नव्हतं. कोणीतरी खाली पडला की राउंड संपला, मग तीस सेकंद आराम, नंतर आठ सेकंदात मधल्या रेघेवर येऊन उभं राहायचं, नाही आलास तर हरलास, बस. त्यामुळे एखादा राउंड काही सेकंदांत उरकायचा, एखादा लांबतच जायचा. ती मॅच एकूण २ तास १६ मिनिटं चालली, त्यातून विश्रांती वजा करा, ढोबळमानाने दीड तास मारामारी उरते, म्हणजे राउंडला सरासरी सव्वा मिनिट. पण कमी समजू नका, मिसिसिपीतला जुलै होता, ८ तारीख, मरणाचं ऊन, सुलिव्हनला ४४ व्या राउंडला उलट्या झाल्या आणि तरी तोच जिंकला. किलरेनला पुढच्या राउंडला पाठवायला त्याच्याच माणसाने नकार दिला, स्पंज टाकला, म्हणजे हार मानली.

पैलवान_मामा:
हे उलटंच की. आमच्याकडे पाठ टेकली की कुस्ती गेली, घरी जा. तिकडे पडलं की अर्धा मिनिट आराम? मग दमलेला मुद्दाम लोळणार नाही का? आणि उचलून आपटायला परवानगी होती का?

कोपरीकर:
मामा, बरोबर पकडलंत. ठोसा न लागता पडणं नियमाप्रमाणे फाउल, पण किलरेनने त्या दिवशी बऱ्याचदा तेच केलं, थोडं पळायचं, अंगावर आला की बसकण मारायची. कमरेच्या वर पकडून आपटायलाही चालायचं, पहिल्याच राउंडला किलरेनने सुलिव्हनला आपटला होता. अर्धी कुस्तीच म्हणा ना, फक्त लंगोट आणि लाल माती नाही.

हद्दीबाहेरचा:
मला ह्यातली मारामारीपेक्षा पळापळ जास्त आवडते. ह्या लढती बेकायदेशीर होत्या ना, मग जागा शेवटपर्यंत गुप्त. सुलिव्हन किलरेनच्या वेळी पब्लिक न्यू ऑर्लिन्सहून स्पेशल ट्रेनने गेली, तिकीट काढलं पण उतरायचं कुठे ते माहीत नाही, शेवटी रिचबर्ग नावाच्या ठिकाणी लाकडाच्या वखारीजवळ रिंग उभी. नंतर सुलिव्हनवर खटला झाला, एक वर्षाची शिक्षा लागली, ती अपिलात उडाली आणि ५०० डॉलर दंडावर सुटला. त्याआधी १८५३ ची जॉन मॉरिसी आणि यांकी सुलिव्हनची (हा वेगळा सुलिव्हन) लढत तर कहर आहे. जागा बोस्टन कॉर्नर्स. कागदावर मॅसॅच्युसेट्सची, पण मधे डोंगर आडवा, तिथून पोलिस येणं अवघड, आणि शेजारच्या न्यूयॉर्कच्या पोलिसांची हद्द नाही. माझा मोबाईल लोकलमध्ये गेला तेव्हा दोन चौक्यांत मला हेच ऐकवलं होतं, "ही आमची हद्द नाही", तेव्हा हे वाचताना फार आपलं वाटलं. तर ३७ व्या राउंडनंतर रिंगबाहेरच राडा सुरू झाला, यांकी सुलिव्हन त्यात हाणामारी करत राहिला, वेळेत रेघेवर आलाच नाही, झालं, मार जास्त खाल्लेला मॉरिसी विजयी! हाच मॉरिसी पुढे खासदार म्हणून अमेरिकन काँग्रेसमध्ये. ते गाव १८५५ मध्ये न्यूयॉर्कला जोडून टाकलं.

एक्सरे_ठाणे:
मी एक्सरे काढतो, म्हणून माझं एक. ग्लोव्हज डोकं वाचवायला असतात असं सगळ्यांना वाटतं, ते आधी हात वाचवतात. भिंतीवर नाहीतर कपाटावर राग काढून आलेली पोरं आमच्याकडे असतात अधूनमधून, करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड मोडलेलं, त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. कवटी कडक, हाताची हाडं बारीक. त्यामुळे उघड्या मुठीवाले डोक्यावर जपून मारायचे, पोट बरगड्या जास्त, आणि कातडी घट्ट व्हावी म्हणून हात खारवलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचे, लोणचंच. पण म्हणून तो खेळ सौम्य होता असं कोणी म्हणू नका. १८४२ मध्ये न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्जला थॉमस मॅकॉय नावाचा पोरगा क्रिस्टोफर लिलीशी लढला, पावणेतीन तासांच्या आसपास, ११९ राउंड झाले. शेवटी तो रिंगमध्येच मेला. दर वेळी उठून रेघेवर येत होता, आणि नियमाला तेवढंच पुरेसं होतं.

पैलवान_मामा:
११९ वेळा उठला आणि कोणी थांबवलं नाही? आखाड्यात वस्ताद मधे पडला असता.

घणसोली_लोकल:
सगळ्यांचे आभार, मॅकॉयचं वाचून जरा गप्प झालो. सरांना विचारलं तर म्हणाले ७५ आकडा ऐकला होता, राउंड कसा मोजायचे ते ठाऊक नव्हतं. पोराला फक्त किलरेनचं सांगितलं, म्हटलं पडला की राउंड संपायचा, तीस सेकंद आराम मिळायचा. काल स्पॅरिंगमध्ये पठ्ठ्या पहिल्याच ठोशाला शांतपणे खाली बसला आणि घड्याळाकडे बघायला लागला.