नाव एकच, कलाकृती निरनिराळ्या: आपला अनुभव लिहावा

काही वर्षांपूर्वी नागपुरातील एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेचे परीक्षण माझ्याकडे होते. ‘ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवलेल्या मृत्युंजय या कादंबरीचे लेखक कोण?’ असा प्रश्न आला आणि दोन्ही संघांनी क्षणाचाही विलंब न लावता शिवाजी सावंत यांचे नाव घेतले. माझ्या हातातील कागदावर मात्र बीरेंद्रकुमार भट्टाचार्य असे लिहिले होते. सावंतांची कर्णावरील कादंबरी 1967 सालची, तर भट्टाचार्य यांची ‘मृत्युंजय’ ही असमिया कादंबरी 1970 सालची असून 1979 चे ज्ञानपीठ तिच्यासाठी दिले गेले, हे मला घरी येऊन शोधल्यावर कळले. सावंतांनाही 1994 साली मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला आणि तो देणारी संस्था भारतीय ज्ञानपीठ हीच असल्यामुळे मुलांचा समज अगदीच निराधार नव्हता. गुण देता आले नाहीत, याची रुखरुख मला आजही आहे.

एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कलाकृती, नियतकालिके किंवा उपक्रम यांचे नाव एकच असल्यामुळे आपल्यालाही काही अनुभव आला असेल, तर तो येथे सविस्तर लिहावा, ही विनंती.

निवृत्त ग्रंथपाल, सातारा

आमच्या वाचनालयात ‘रणांगण’ मागणाऱ्या वाचकाला कोणते रणांगण हवे आहे, हे विचारल्याशिवाय मी कधी पुस्तक काढले नाही. विश्राम बेडेकरांची 1939 सालची कादंबरी युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते आणि चक्रधर व हेर्टा यांच्या प्रेमाला नाझी छळाची काळी किनार आहे. त्याच नावाचे विश्वास पाटील यांचे नाटक पानिपतच्या युद्धावरचे, आणि 2018 साली आलेला चित्रपट या दोहोंहून निराळा.

सर्वांत लक्षात राहिला तो ‘धग’चा प्रसंग. या नावाच्या मराठी चित्रपटासाठी उषा जाधव यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, त्याच आठवड्यात एक तरुण परिचारिका ‘त्या सिनेमाचे पुस्तक’ मागू लागली. चित्रपट स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाचा आहे. उद्धव शेळके यांची 1960 सालची ‘धग’ ही वऱ्हाडातील कौतिकची कथा असून दोहोंचा काही संबंध नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितले. तरीही तिने ते पुस्तक नेले. पंधरा दिवसांनी परत करताना ती म्हणाली, “काका, कौतिक म्हणजे माझी आजीच आहे हो.” तिची आजी मूळची अमरावतीकडची होती. वऱ्हाडी बोलीतील ते संवाद तिने आईला मोठ्याने वाचून दाखवले होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत पुस्तक योग्य हाती पडल्याचे इतके समाधान मला क्वचितच लाभले.

बँक कर्मचारी, सध्या पुणे

वरील ‘मृत्युंजय’संबंधी थोडी भर घालतो. बदलीमुळे मी चार वर्षे गुवाहाटीत होतो. ‘माझे आवडते पुस्तक मृत्युंजय’ असे मी सांगताच माझे वरिष्ठ सहकारी इतके आनंदले, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला घरी जेवायला बोलावले. जेवताना ते असमिया कादंबरीतील महद गोसाईंविषयी, नगाव भागातील 1942 च्या लढ्याविषयी आणि लष्करी रेल्वेगाडी उलथवण्याच्या बेताविषयी बोलत होते, आणि मी कर्णाच्या कवचकुंडलांची वाट पाहत होतो! खुलासा झाल्यावर त्यांनी मला त्या कादंबरीचा हिंदी अनुवाद दिला आणि मी त्यांना सावंतांच्या कादंबरीचा हिंदी अनुवाद मागवून दिला. अहिंसा मानणाऱ्या वैष्णव गोसाईंच्या हातून हिंसा घडते तेव्हाची त्यांची घालमेल वाचून मी अनेक दिवस अस्वस्थ होतो. नाव एक नसते, तर या कादंबरीपर्यंत मी पोहोचलोच नसतो.

साप्ताहिकाचा संपादक, लातूर जिल्हा

नियतकालिकांची गोष्ट वेगळी आहे. आम्ही साप्ताहिक काढायचे ठरवले, तेव्हा सुचवलेली पहिली दोन नावे आधीच दुसऱ्यांकडे नोंदलेली निघाली. एकाच भाषेत किंवा एकाच राज्यात दुसऱ्या मालकाच्या वृत्तपत्राचे नाव घेता येत नाही, असा नियमच आहे. परंतु हे बंधन वृत्तपत्रांपुरते. म्हणूनच ‘सामना’ हा जब्बार पटेलांचा चित्रपट आधी आला आणि 1988 साली त्याच नावाचे दैनिक निघाले. ‘माणूस’ हा प्रभातचा 1939 सालचा चित्रपट आणि 1961 साली श्री. ग. माजगावकरांनी सुरू केलेले नियतकालिकही ‘माणूस’च. केवळ शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली एका हिंदी चित्रपटाच्या नावावरील वादात स्पष्ट केले आहे. मला हे योग्य वाटते. ‘माणूस’ हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा कसा असेल?

शिक्षिका, सांगली

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’वर प्रकल्प करायला सांगितले असता एका विद्यार्थ्याने मुखपृष्ठावर 1976 सालच्या हिंदी ‘फकिरा’मधील शशी कपूर यांचे छायाचित्र चिकटवून आणले होते. आतील मजकूर मात्र त्याने कादंबरी वाचूनच लिहिलेला होता आणि तो उत्तम होता. मी पूर्ण गुण दिले, आणि मुखपृष्ठ त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः बदलून आणले.