रात्री द्राक्षबागेत रिव्हॉल्वर जवळ बाळगायचं तर कसं? (निफाड)

बागवान_निफाड:

नमस्कार मंडळी. गोदाकाठी आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. निम्मी थॉमसन, निम्मी सोनाका, सगळी वाय पद्धतीच्या, म्हणजे वायच्या आकाराच्या लोखंडी अँगलवर तारा ताणलेल्या मांडवावर. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांचं ३२ बोअरचं जुनं रिव्हॉल्वर, कानपूरचं, नळी खाली मोडून उघडतं ते, वारस म्हणून माझ्या लायसन्सवर चढलं. प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्र मिळालं, कागदात काही कमी नाही.

प्रश्न वेगळाच आहे. आमच्याकडे थ्री फेजची पाळी या आठवड्यात रात्रीची आहे. त्यात थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात वाचला की आम्ही पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवायला आणि ठिबक सोडायला निघतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. शेजारी बारा एकर ऊस. पंधरा दिवसांपूर्वी त्या उसात बिबट्याची मादी दोन बछड्यांसह दिसली. घरच्यांचं म्हणणं, रिव्हॉल्वर आहे तर जवळ ठेवत जा.

वडील ते बंडीच्या खिशात टाकून फिरायचे. मी दोन रात्री तसं करून पाहिलं. तारेखालून वाकलो की ते पुढे लोंबतं आणि जड हत्यार खिसा खाली ओढतं. कमरेला खोसलं तर चालताना सरकत राहतं. सहाही काडतुसं भरून ठेवायची का? होल्स्टर कोणतं घ्यायचं? आणि सकाळी घरी आलो की सात वर्षांचा मुलगा पळत येऊन कमरेला मिठी मारतो. त्या मिठीची मला बिबट्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली आहे. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ:

दादा, एवढा विचार कशाला? बिबट्या दिसला की हवेत एक बार काढायचा, पळून जातो. आमच्याकडे पूर्वी ठासणीच्या बंदुकीने असंच करायचे.

देवळालीकर_आर्मोरर:

बागवान, तुमचा प्रश्न वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, बावीस वर्षं आर्मोरर होतो. हत्यारं उघडणं, तपासणं, दुरुस्त करणं हेच माझं काम. आता भगूरजवळ राहतो.

आधी गोदाकाठ यांना सांगतो. हवेत बार अजिबात नको. ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू भरून आवाज करता येत होता. रिव्हॉल्वरमधून निघते ती साडेसहा ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येणारच, आणि तिरकी गेली तर किलोमीटरभर लांबच्या वस्तीवरही पोहोचेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि बागेत खाली झाडली तर लोखंडी अँगल, दगड, ताणलेल्या तारा. गोळी कशावर आपटून कुठे वळेल याचा नेम नाही.

आता मूळ गोष्ट. बंडीचा खिसा आजपासून बंद करा. खिशात चापावर कसलंही आवरण नसतं. त्याच खिशात चावी असते, छाटणीची कात्री असते, तंबाखूची डबी असते. त्यातलं काहीही चापाच्या कडीत शिरू शकतं. तुम्ही वाकलात की हत्यार घसरून पडणार, आणि पडलं की हात आपोआप ते झेलायला जातो. झेलताना बोट नेमकं चापावर पडतं. पडणारं हत्यार झेलायचं नाही, पडू द्यायचं, हे आम्ही जवानांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

पण पडू द्यायचं तर ते पडल्यावर उडता कामा नये, आणि जुन्या रिव्हॉल्वरची खरी अडचण तिथेच आहे. घोडा, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा मागचा भाग, खाली असला की त्याचं टोक काडतुसाच्या टोपीच्या अगदी जवळ असतं. हत्यार घोड्यावर आपटलं आणि मधला अडसर झिजलेला असला, किंवा मुळातच नसला, तर चाप न दाबता गोळी सुटते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी जहाजाच्या डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरमधून अशीच गोळी सुटून एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने घोडा अडवणारी पट्टीच नव्याने बनवली. तुमच्या वडिलांच्या हत्याराच्या आत आज काय अवस्था आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. लायसन्सधारक कारागिराकडून ते एकदा तपासून घ्या. घरी स्क्रूड्रायव्हर लावू नका.

म्हणून सहा भरायची नाहीत, पाच भरायची. घोड्याखालचा खण रिकामा. काडतुसं भरून नळी हळूच बंद करा, झटका देऊन नाही. बंद करताना रिकामा खण नळीच्या समोर आणा. मग बाजूने, फिरकी (काडतुसांचे खण असलेला फिरता भाग) आणि मागच्या पत्र्यामधल्या फटीतून काडतुसांच्या कडा दिसतात. सगळ्यात वरच्या खणात कड दिसता कामा नये. ही तपासणी टॉर्च लावून बाजूनेच करायची. नळीच्या तोंडाकडून पाहायचं नाही, हत्यार रिकामं असल्याची खात्री असली तरीही नाही. पाच भरल्याने पहिला बार फुकट जाईल असं काहींना वाटतं. तसं नसतं. चाप ओढला की घोडा मागे जाताना फिरकी एक घर पुढे सरकते आणि भरलेला खण समोर येतो.

हे पाचचं मी एवढं का धरून बसलो आहे तेही सांगतो. १९९८ च्या डिसेंबरात मी सुट्टीवर आलो होतो. माझ्या चुलतभावाचं रिव्हॉल्वर मीच साफ केलं, तेल लावलं, आणि सहाही खण मीच भरून त्याच्या हातात दिलं. तो दारणेकाठच्या मळ्यात पाणी भरायला गेला. पाटावरून उडी मारताना कमरेला खोसलेलं हत्यार सुटलं आणि दगडावर घोड्याच्या बाजूने आपटलं. गोळी पोटरीतून आरपार गेली. भाऊ वाचला, पण त्याचा उजवा पाय आजही पूर्ण टेकत नाही. त्याने मला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. पण सगळं ठाऊक असूनही मी सहावं काडतूस भरलं होतं. तुम्ही भरू नका.

होल्स्टर जाड चामड्याचं घ्या, नेमकं त्याच हत्याराच्या मापाचं. त्यात तीन गोष्टी बघा: चाप आणि त्याची कडी पूर्ण झाकलेली हवी, घोड्यावरून जाणारा बटणाचा पट्टा हवा, आणि होल्स्टर उलटं धरून हलवलं तरी रिकामं हत्यार आत घट्ट राहायला हवं. कमरेचा पट्टाही तसाच जाड हवा. पँटचा पातळ पट्टा वाकतो आणि होल्स्टर बाहेर लोंबतं. जागा उजव्या कुशीच्या किंचित मागे. वाय मांडवात एका ओळीतून दुसरीत जाताना माणूस डावा खांदा पुढे घालून तारेखालून वाकतो, तेव्हा उजवी मूठ तारेत अडकण्याचा संभव कमी. तरी अडकलीच तर पट्टा हत्यार धरून ठेवेल.

फवारणीच्या दिवशी हत्यार बागेत न्यायचंच नाही. गंधक आणि बोर्डो दोन्ही लोखंडाला वाईट. आणि घरी आल्यावर ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून द्यायचं नाही. चामडं ओल धरतं, त्याने नळी गंजते आणि पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. पुसून, तेलाचा हात फिरवून, होल्स्टरबाहेर, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात.

नाशिककर_कोलोराडो:

मी मूळचा गंगापूर रोडचा, चौदा वर्षं इकडे आहे. इथे रिव्हॉल्वरने हरणाची शिकार कायदेशीर आहे. त्यासाठी ४४ मॅग्नमसारखी मोठी काडतुसं वापरतात, तुमच्या ३२ शी त्यांची तुलनाच नाही. पण बाळगण्याची पद्धत उपयोगी पडेल. इथले बरेच जण होल्स्टर छातीवर बांधतात, कारण पाठपिशवीचा पट्टा कमरेला असतो आणि दिवसभर चढउतार असते. हत्यार डोळ्यांसमोर राहतं, बसताना-वाकताना मध्ये येत नाही. घोड्याखाली रिकामा खण ही इथेही जुनी शिस्त आहे. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्वरमध्ये चाप दाबल्याशिवाय घोड्याचा घाव पुढे पोहोचू न देणारी पट्टी घातली. त्याआधीची हत्यारं वापरणारे आजही पाचच भरतात.

कुंपण ओलांडताना मात्र हत्यार आधी रिकामं करतात, सोबत्याकडे देतात आणि मग ओलांडतात. हा नियम मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने तारेजवळ आल्यावर एकदाही मोडलेला मी पाहिला नाही.

देवळालीकर_आर्मोरर:

छातीवरच्या होल्स्टरचं खरं आहे, पण बागवानांना ते चालेल असं वाटत नाही. तारेखालून पोटाशी वाकायचं आणि छातीवर मूठ, ती घडांना आणि तारेला घासणार. शिवाय आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हे हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं असावं लागतं. बागेतून वस्तीवर यायला तुम्हाला शिवाररस्ता लागतोच. कमरेवरचं होल्स्टर स्वेटरखाली झाकलं जातं.

आणि एक फरक महत्त्वाचा. तिकडे सोबत्याकडे हत्यार देतात. इथे ते सालगड्याच्या हातात द्यायचं नाही, क्षणभरही नाही. लायसन्स तुमचं आहे, त्याचं नाही. मग पाट किंवा कुंपण आलं तर काय? थांबायचं, नळी जमिनीकडे, हत्यार मोडून उघडायचं. तुमच्या जातीचं रिव्हॉल्वर उघडलं की काडतुसं आपोआप वर उचलली जातात, ती डाव्या तळहातात घेऊन खिशात. मग पलीकडे जायचं. अर्धा मिनिट लागतो. त्याहून चांगलं म्हणजे पाटावर फळी टाका. उडीच मारायची नाही.

ट्रॅक्टरवर बसायचं असेल तर तेव्हाही रिकामं. सीटवर बसल्यावर नळीचं तोंड मांडीकडे किंवा मडगार्डवर बसलेल्या माणसाकडे वळतं, आणि शेतातले हादरे तुम्हाला माहीत आहेतच.

पाणथळ:

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. बाग गोदाकाठी म्हणता, तर नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला आहे का? ते अभयारण्य आहे, शिवाय रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्याच्या हद्दीत हत्यार घेऊन जायला वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे आधी लेखी परवानगी लागते. लायसन्स खिशात असलं तरी. बांध कुठे संपतो आणि हद्द कुठे लागते ते वनरक्षकाकडून नक्की करून घ्या.

बिबट्या त्याच कायद्याच्या अनुसूची एकमधला, सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. जिवावर बेतलं आणि स्वसंरक्षणात मारला गेला तर कायदा ते समजून घेतो, पण उसात दिसला म्हणून झाडलेली गोळी त्यात बसत नाही. आणि ३२ बोअरने तो मरण्यापेक्षा जखमी होण्याचीच शक्यता मोठी. मागे बछडी असलेली जखमी मादी पूर्ण वस्तीला भारी पडेल. वनखात्याच्या १९२६ या फोन क्रमांकावर कळवा. रात्री एकट्याने जाऊ नका, मोठ्याने बोलत जा, टॉर्च उसाच्या कडेवर फिरवत राहा. व्हॉल्व्ह सोडायला किंवा शेकोटी पेटवायला उकिडवं बसताना दुसऱ्याने उभं राहून पहारा करावा. बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही.

बागवान_निफाड:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमच्या भावाचं वाचून रात्रीच उठलो आणि हत्यार उघडलं. सहाच्या सहा भरलेली होती. वडिलांची सवय मी तशीच पुढे चालवत होतो.

काल रात्री रिव्हॉल्वर कुलपात ठेवून गेलो. सालगडी आणि मी, दोन मोठे टॉर्च, एक काठी, मोबाइलवर मोठ्याने भजनं. चार वाजेपर्यंत सगळ्या शेकोट्या लागल्या. खरं सांगायचं तर कमरेला वजन नव्हतं त्यामुळे तारेखालून पटपट जाता आलं आणि लक्ष सगळं उसाकडे राहिलं. १९२६ वर कळवलं आहे. नांदूरमध्यमेश्वरची हद्द आमच्यापासून लांब आहे, तरी वनरक्षकाला विचारतो.

पण वस्तीवरून रोख रक्कम घेऊन मार्केटला जायचे दिवस येतात, तेव्हा लागेल. भद्रकालीतल्या एका चामड्याच्या कारागिराकडे होल्स्टर शिवायला टाकतो आहे. तो विचारतो, घोड्यावरच्या पट्ट्याचं बटण आतल्या बाजूला लावू की बाहेरच्या? आणि मुलाचं काय करू ते तुम्ही सांगितलं नाहीत.

देवळालीकर_आर्मोरर:

काल हत्यार घरी ठेवून गेलात, फार बरं केलंत.

बटण आतल्या बाजूला, अंगाकडे. अंगठा हत्यार आणि बरगडीच्या मधून सरळ खाली जातो आणि पट्टा सुटतो. बाहेरच्या बाजूला लावलं तर तारेला घासून आपोआप उघडेल.

मुलाचं असं करा. घराच्या दारात हत्यार घेऊन यायचंच नाही. पंपाच्या खोलीत भिंतीला लागून वाळूने भरलेला पिंप ठेवा. बाहेरून आलात की आधी तिथे, दार आतून लावून, नळी वाळूकडे, उघडायचं, काडतुसं मोजायची. पाच नेली तर पाचच हातात यायला हवीत. प्रत्येक खणाच्या तोंडावर करंगळी टेकवून बघायचं, अंधारात डोळ्यांवर भरवसा नको. मग ते रिकामं आणि झाकलेलं घेऊन थेट कपाटाकडे, कुलूप लागलं की मुलाला हाक मारायची. दोन-चार दिवसांत त्याला कळेल की बाबा हाक मारल्यावर मिठी मारायची. किल्ली तुमच्या गळ्यात, खुंटीवर नाही. मुलं खुंटीपर्यंत खुर्ची ओढत नेतात.

होल्स्टर शिवून झालं की रविवारी सकाळी भगूरला या. हत्यार आणू नका, होल्स्टर आणि कमरेचा पट्टा तेवढा आणा. तुमच्या रिव्हॉल्वरच्या मापाचा सागवानी नमुना माझ्याकडे आहे. भावाच्या परसात दोन ओळींची जुनी बाग उभी आहे, तिथे तारेखालून दहा वेळा वाकून बघू. भाऊही असेल.