मुलांच्या हाती फोन देताना : नाशिककरांचा अनुभव धागा

शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअपवर येतो, क्लासची वेळ बदलली तरी व्हॉट्सअपवरच कळते. त्यामुळे ‘फोन देऊच नका’ या सल्ल्याचा आता फारसा उपयोग राहिलेला नाही. या धाग्यात उपदेश नको. फोन, टीव्ही, गेम, वायफाय यांपैकी ज्याची माहिती तुम्हाला पक्की आहे तेवढंच लिहा. कुठली सेटिंग, कोणत्या क्रमाने, आणि नेमकं कुठे फसतं ते सांगा. मुलांची आणि शाळांची नावं कृपया नकोत.

मोबाइल दुरुस्ती, मेनरोड

सुरुवात जन्मतारखेपासून करा. दुरुस्तीला येणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये बहुतेक वेळा बाबांचा जुना जीमेल असतो, नाहीतर मुलाने २००० सालची तारीख टाकून काढलेलं खातं. म्हणजे गूगलच्या लेखी तो फोन प्रौढ माणसाचा. मग प्ले स्टोअर १८+ गेम दाखवणारच आणि जाहिरातीही मोठ्यांच्याच येणार. खाली कुणी कितीही सेटिंग सांगितल्या, तरी तारीख खोटी असेल तर त्यातल्या निम्म्या लागूच होत नाहीत.

१३ वर्षांखालच्या मुलासाठी फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं नियंत्रण ॲप वापरा, फुकट आहे. पालकाच्या फोनवर फॅमिली लिंक ॲप घ्या, त्यातूनच मुलाचं खातं खऱ्या तारखेने उघडा. मग मुलाच्या फोनवर सेटिंग्ज, गूगल, पेरेंटल कंट्रोल्स या वाटेने ते जोडा. जोडताना त्या फोनमधली बाकीची खाती काढावी लागतात, म्हणून फोटो आणि नंबर आधी दुसरीकडे घ्या. इथेच लोक अडतात आणि अर्ध्यावर सोडून देतात.

जोडून झालं की तीन गोष्टी लगेच करा. नवीन ॲप पालकाच्या मंजुरीशिवाय बसणार नाही असं ठेवा. रोजची मर्यादा आणि रात्रीची बंद वेळ या दोन वेगळ्या सेटिंग आहेत, दोन्ही लावा. नुसती रोजची मर्यादा लावली तर उरलेला तास रात्री साडेअकराला वापरला जातो. आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवायची फाइल) बसवायची परवानगी बंद ठेवा. गेमच्या ‘मॉड’ (कुणीतरी बदललेल्या) फाइली टेलिग्रामवरून फिरतात आणि पासवर्ड चोरणारे प्रकार त्यांतूनच येतात.

बंद वेळेत फोन लॉक झाला तरी आलेला कॉल उचलता येतो, आपत्कालीन कॉलही लागतो. त्यामुळे ‘क्लासहून येताना काही झालं तर?’ या भीतीने मर्यादा काढू नका. फोनला नेट नसेल आणि तातडीने उघडायचा असेल, तर पालकाच्या ॲपमध्ये ॲक्सेस कोड मिळतो.

एक मात्र समजून घ्या. मुलगा कुणाशी काय बोलतो हे फॅमिली लिंक दाखवत नाही. ते कळायला मुलाशी बोलावंच लागतं.

अंबड औद्योगिक वसाहत परिसर, बचतगटाच्या डिजिटल साक्षरता वर्गातून

वरचं सगळं मुलाला वेगळा फोन असेल तर. अंबड-सातपूरच्या कितीतरी घरांत फोन एकच असतो. सेकंड शिफ्टला जाण्याआधी वडील तो मुलांच्या हातात देतात, आणि त्यातच बँक, यूपीआय, सगळं असतं. अशा फोनसाठी हे करा.

फक्त गृहपाठ किंवा एक व्हिडिओ दाखवायचा असेल तर ॲप पिनिंग, म्हणजे पडद्यावर तेवढंच एक ॲप अडकवून ठेवणं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत असतं, काही फोनमध्ये ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात. चालू करताना ‘काढण्याआधी पिन विचारा’ हा पर्यायही चालू करा, नाहीतर मूल बोट वर सरकवून धरतं आणि बाहेर पडतं. आयफोनला याच कामासाठी ॲक्सेसिबिलिटीत गाइडेड ॲक्सेस आहे.

पैशांचं तीन ठिकाणी बघा. यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमेला पिन लागत नाही, म्हणून मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंद करून शिल्लक बँकेत परत घ्या. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून अनोळखी मंजुरी दिसली तर रद्द करा. एकदा पिन टाकून मंजूर केलं की पुढचे हप्ते परस्पर कापले जातात. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा आणि पैसे भरायच्या पर्यायांतून कार्ड, यूपीआय काढून टाका.

गेममध्ये पैसे गेलेच, तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची विनंती करा. पण गेममधले ‘फुकट डायमंड’ किंवा ‘स्किन’ देतो म्हणणाऱ्या लिंकवरून गेले असतील तर ती फसवणूक आहे, तिथे परताव्याची वाट बघू नका. सरळ सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. समोरच्या खात्यातले पैसे पुढे सरकण्याआधी थांबवायचे असतात, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन कधीच टाकावा लागत नाही, हे चौथीच्या मुलालाही शिकवून ठेवा. आणि पिन टाकताना मुलांसमोर हात आडवा धरा. ती बघून बघून शिकतात.

माध्यमिक शिक्षिका, नाशिकरोड

वर्गाच्या व्हॉट्सअप ग्रुपबद्दल. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. मुलींचे नंबर अनोळखी लोकांपर्यंत जाण्याची ही अगदी सोपी वाट आहे. सूचनांसाठी व्हॉट्सअपमधल्याच ‘कम्युनिटी’चा अनाउन्समेंट ग्रुप वापरा. तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शाळेने केलं नसेल तर पालकांनी मागणी करावी, दहा मिनिटांचं काम आहे.

मुलाच्या व्हॉट्सअपमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’. फोटोलाही तेच. अनोळखी कॉल गप्प करायची सोय प्रायव्हसीतच कॉल्सखाली आहे. सहा आकडी टू-स्टेप पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ महिन्यातून एकदा बघा, कुणाच्या तरी लॅपटॉपवर खातं उघडं राहिलेलं असतं. वयाची अट १३ आहे, हे पाचवीचा ग्रुप काढणाऱ्या शिक्षकांनीही लक्षात ठेवावं. गृहपाठ आई-वडिलांच्या नंबरवर पाठवला तरी चालतो.

इंदिरानगर, केबल-ब्रॉडबँडचं काम

राउटरमध्ये डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं तर घरच्या वायफायवर अश्लील आणि घातक साइट्स उघडत नाहीत. शेवटी ३ ऐवजी २ टाकू नका, त्याने फक्त घातक साइट्स अडतात. इन्स्टाग्राम, टेलिग्रामच्या आतलं काहीही यात गाळलं जात नाही. मोबाइल डेटा चालू केला किंवा व्हीपीएन (नेटची वाट दुसरीकडून वळवणारं ॲप) टाकलं की हे संपलंच. राउटरच्या खाली छापलेला ॲडमिन पासवर्ड बदला, मुलांना तो माहीत असतो.

बालवाडी सेविका, पंचवटी

लहानांसाठी टीव्हीवरचं यूट्यूबही बघा, फोनवरच थांबू नका. टीव्हीला घरातल्या मोठ्यांचं खातं जोडलेलं असतं आणि आजी-आजोबा कार्टून लावून स्वयंपाकघरात जातात. पाच व्हिडिओंनंतर आपोआप काय लागेल याचा नेम नसतो. यूट्यूब किड्स टाका. त्यात वयाचे तीन गट आहेत : ४ पर्यंत, ५ ते ८, ९ ते १२. पण माझ्या मते पाच वर्षांखाली ‘अप्रूव्ह्ड कंटेंट ओन्ली’ हाच पर्याय बरा. आपण निवडलेलंच दिसतं आणि शोधायची सोय बंद होते. नेहमीच्या यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सेटिंग) प्रत्येक यंत्रावर वेगळा चालू करावा लागतो. फोनवर केला म्हणून टीव्हीवर होत नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं सांगणं : दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, २ ते ५ वयात जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने, ५ ते १० वयात दोन तासांपेक्षा कमी. भरवताना मोबाइल दाखवणं आधी सोडवा, बाकीचं त्यानंतर सोपं जातं.

समुपदेशक, गंगापूर रोड

मुलाचा खाजगी किंवा अश्लील फोटो पसरवायची धमकी येते त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे मोठ्यांच्या घाईने फार नुकसान होतं. आधी मुलाला सांगा, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस.’ फोन हिसकावू नका. सांगितल्यावर फोन जातो हे एकदा कळलं की पुढची धमकी मूल एकट्याने सोसतं, आणि समोरच्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण डिलीट करू नका. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. आधी पुरावा, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक, हा क्रम मोडू नका. मुलाचा तसा फोटो मामाला, काकाला, शिक्षकांना ‘बघा काय झालं’ म्हणून पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे.

फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो कुठेही चढवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून काढतात. फोटो काढला तेव्हा वय १८ खाली असेल तर वापरता येते.

पोलिसांची भीती वाटते म्हणून कितीतरी घरं गप्प बसतात. पॉक्सो कायदा, २०१२ (लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा) प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, पोलिस गणवेशात नसतात, आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाची व्यक्ती सोबत असते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आणि ओळख उघड करायला माध्यमांना मनाई आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. मुलाशी बोलायला कुणी हवं असेल तर बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८.

इन्स्टाग्रामविषयी थोडं. भारतात २०२५ पासून १८ खालच्यांना ‘टीन अकाउंट’ मिळतं : खातं खाजगी, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, रात्री १० ते सकाळी ७ सूचना गप्प. १६ खालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं पुन्हा मेनरोडच्या प्रतिसादातल्या जन्मतारखेवरच अवलंबून आहे.

प्रश्न आला आहे : सिन्नर, निफाडच्या पालकांनी कुठे जायचं?

शहर आयुक्तालयाचं सायबर ठाणं वेगळं, ग्रामीण पोलिसांचं वेगळं. सिन्नर, निफाड, दिंडोरी ग्रामीणकडे येतात. पण घरचा पत्ता कुठल्या हद्दीत येतो यावरून अडून राहू नका. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. जाताना फोन चार्ज करून, स्क्रीनशॉट छापून आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत घेऊन जा.