जुजुत्सू काइसेन: ॲनिमे बघून झालंय, मंगा कुठून सुरू करू? आणि आजीला काय सांगू?

कॉलेजरोड_कट्टा
नमस्कार मंडळी, मी नाशिकची, सेकंड इयरला आहे. मैत्रिणीमुळे जुजुत्सू काइसेनचा, म्हणजे शापांशी लढणाऱ्या मांत्रिकांच्या जपानी ॲनिमेचा, पहिला सीझन बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, दुसरा सीझन तर दोन रात्रीत संपवला, टोकियोतल्या शिबुयाच्या लढाईचे शेवटचे एपिसोड बघताना खूप रडले. आता मंगा, म्हणजे ज्यावरून ॲनिमे आलं ती मूळ चित्रकथा, वाचायचाय. सीझन २ जिथे संपला तिथून पुढे वाचू की पहिल्यापासून? ३० व्हॉल्यूम आहेत, सगळे घ्यायला पैसे नाहीत.
दुसरं म्हणजे भाऊ आठवीत आहे, तोही मागे लागलाय, त्याला देऊ का? आणि आमची आजी जुन्या नाशकातली, तिने मोबाइलवर सुकुनाचं, म्हणजे यातल्या मुख्य खलनायकाचं, चित्र बघितलं आणि म्हणाली भुताखेतांची पुस्तकं घरात आणायची नाहीत. आजीला दुखवायचं नाहीये, पण मला हे मनापासून वाचायचंय. काय करू?

द्राक्षबाग
पहिल्यापासून वाच. सीझन २ चा शेवट चॅप्टर १३७ च्या आसपास येतो, त्यामुळे तिथून सुरू केलं तरी गोष्ट कळेल, पण पुढे कलिंग गेम नावाच्या जीवघेण्या खेळाच्या भागात नियमच इतके आहेत की आधीचं नीट वाचलेलं नसेल तर दर दोन पानांनी अडकशील. आणि व्हॉल्यूममध्ये चॅप्टरच्या मधल्या रिकाम्या पानांवर मंगाचा लेखक-चित्रकार गेगे आकुतामी स्वतः शक्तींबद्दल, पात्रांबद्दल बारीक बारीक टिपा देतो, ते ॲनिमेत कुठून येणार.
मार्च २०१८ ला सुरू झालं, सप्टेंबर २०२४ ला संपलं, एकूण २७१ चॅप्टर. सुरुवातीची रेघ खडबडीत आहे, नंतर नंतर हात किती मोकळा झाला ते पानागणिक दिसतं, मला तर ते बघण्यातच खूप आनंद मिळाला.
पैशाचं म्हणशील तर आम्ही चौघांनी व्हॉल्यूम वाटून घेतले आणि फिरवून वाचले. शोनेन जंपचं ॲप भारतात चालतं, महिन्याला थोडेसे पैसे भरून सगळं वाचता येतं. फक्त रस्त्यावरचे स्वस्त व्हॉल्यूम घेऊ नकोस. मी एक घेतला होता, काळा रंग राखाडी आणि कडेचे डायलॉग कापलेले, लढाईच्या पानावर कोण कुणाला मारतंय तेच कळेना.

गोदाकाठ
आजीच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझ्या घरीही हेच झालं होतं.
आजीला मुंजा माहीत असणारच. मुंज झाली, लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, त्याची इच्छा राहिली, तो पिंपळावर बसला. म्हणजे आपल्याकडेही भूत होतं ते राहून गेलेल्या इच्छेतून. या मंगात शाप, म्हणजे यातली भुतं, तयार होतात ते माणसांच्या मनात साठलेल्या भीतीतून, रागातून, पश्चात्तापातून, म्हणून शाळा आणि हॉस्पिटल अशा जागी ते जास्त. यातला जोगो नावाचा शाप आला जमिनीच्या भीतीतून, डागोन समुद्राच्या, आणि माहितो माणसाला माणसाबद्दल वाटणाऱ्या भीती-द्वेषातून. आपल्याला हे समजायला अवघड नाही, गोदेला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, कमरेला की छातीला, गळ्याला लागलं म्हटलं की पोटात गोळा येतो. ती भीती कुठेतरी साठत असेल तर तिचं काय होत असेल, एवढाच विचार आकुतामीने पुढे नेलाय.
आणि दुतोंड्यावरून आठवलं, 'र्योमेन' म्हणजे दोन तोंडांचा! सुकुना हे नाव निहोन शोकी या ७२० सालच्या जपानी ग्रंथातलं, एक धड, विरुद्ध दिशांना दोन चेहरे, चार हात. ग्रंथात तो राजाची आज्ञा न मानणारा म्हणून मारला जातो, पण जपानच्या हिदा भागात लोक त्यालाच रक्षणकर्ता मानतात, ताकायामाचं सेन्कोजी हे देऊळ त्यानेच स्थापलं अशी तिथली आख्यायिका आहे. मंगातला सुकुना मात्र क्रूर आहे, ते आजीपासून लपवू नकोस.
लढताना डोमेन, म्हणजे स्वतःच्या शक्तीचं जग, उघडताना बोटांच्या मुद्रा करतात त्या पण नीट बघ. युजीचा गुरू गोजो, त्याची मुद्रा ताइशाकुतेनची, म्हणजे आपला इंद्र. सुकुनाची एनमातेनची, म्हणजे यम. बौद्ध धर्माबरोबर आपलेच देव तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मी हे आमच्या आजोबांना सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी स्वतःहून ते पान बघायला आले.

मखमलाबादची_आई
भावाबद्दल. इंग्लिश आवृत्तीवर टीन प्लस लिहिलेलं असतं, म्हणजे मोठ्या मुलांसाठी, आणि ते बरोबरच आहे. रक्त आहे, अंग तुटतं, आवडती माणसं मरतात. माझ्या मुलाने आठवीतच वाचलं पण मी बरोबरीने वाचत होते. जुनपेईचा भाग आला, तोच, शाळेत त्रास दिलेला मुलगा, माहितो त्याच्याशी गोड बोलून त्याला जवळ करतो, तेव्हा मुलगा पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसला आणि मग वर्गात त्याच्याशी काय चाललंय ते पहिल्यांदा बोलला. मी सहा महिने विचारत होते त्याला. म्हणून मी नको म्हणणार नाही, पण एकट्याला देऊ नकोस, तिसरा-चौथा व्हॉल्यूम वाचताना त्याच्याजवळ बस.

रविवार_कारंजा
एक राहिलं, व्हॉल्यूम ० कुणी सांगितलाच नाही. युता आणि त्याला चिकटलेल्या मैत्रिणीच्या भुताची, रिकाची गोष्ट, चारच चॅप्टर, मेन सिरीजच्या आधी २०१७ मध्ये आलेली. आधी तोच वाच.

द्राक्षबाग
नाही पटत. ० मध्ये गोजोचा जुना मित्र गेतो, त्याचं काय होतं ते आधीच कळतं, मग गोजोच्या कॉलेजच्या दिवसांचा भाग वाचताना तेवढं लागत नाही.

रविवार_कारंजा
पण तिने ॲनिमे बघितलंय, तिला सगळं माहितीये. माहीत असताना ते दोघं हसताना दिसतात तेच तर जास्त लागतं.

कॉलेजरोड_कट्टा
सगळ्यांचे खूप आभार. काल मैत्रिणीकडून पहिला व्हॉल्यूम आणला आणि आजीला पहिला चॅप्टर मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत. गोष्टीचा नायक युजी, त्याचे आजोबा हॉस्पिटलमध्ये शेवटचं सांगतात ना, तू ताकदवान आहेस तर लोकांना मदत कर, मरताना तुझ्याभोवती माणसं असू देत, माझ्यासारखा मरू नकोस. तिथे आजीने मला थांबवलं आणि परत वाच म्हणाली. मग आमच्या जुन्या वाड्यामागच्या पिंपळाचं सांगत बसली, त्यातलं निम्मं मी कधी ऐकलंच नव्हतं. पुस्तकं देवघराच्या खोलीत नकोत एवढीच अट आहे. भावाला मी शेजारी बसवूनच देणार.
व्हॉल्यूम ० आधी वाचायचं ठरवलंय, कुणाकडे जुना पण ओरिजिनल असेल तर इथेच सांगा, गंगापूर रोड, पंचवटी कुठेही येऊन घेईन.