जॉर्ज ड्रमंड आणि एडिंबरोचे न्यू टाउन : श्रेय नेमके कशाचे?

प्रश्न :
स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील न्यू टाउन या अठराव्या शतकात वसवलेल्या भागाविषयी वाचताना जॉर्ज ड्रमंड (१६८८–१७६६) यांचे नाव वारंवार समोर येते. १७२५ ते १७६४ या काळात ते सहा वेळा तेथील लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्या महापौरासारखे नगरप्रमुख, होते. मात्र न्यू टाउनचा आराखडा जेम्स क्रेग या तरुण वास्तुरचनाकाराने केला आणि तो १७६७ मध्ये, ड्रमंड यांच्या निधनानंतर, स्वीकारला गेला. तरीही या वसाहतीचे जनकत्व ड्रमंड यांना का दिले जाते? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
आराखड्याच्या आधीचे काम पाहिल्याखेरीज याचे उत्तर मिळत नाही. जुने एडिंबरो किल्ल्यापासून उतरत जाणाऱ्या अरुंद डोंगरसोंडेवर दाटीवाटीने वसले होते आणि उत्तरेकडील मोकळी जमीन व शहर यांच्यामध्ये नॉर लॉख हा घाणीने भरलेला तलाव आडवा पसरला होता. १७५१ मध्ये एक सहा मजली इमारत कोसळली, आणि पुढच्याच वर्षी शहराच्या विस्ताराचे व सार्वजनिक इमारतींचे प्रस्ताव छापून लोकांपुढे ठेवण्यात आले. त्यांमागची मुख्य प्रेरणा ड्रमंड यांची होती. १७५९ मध्ये तलाव उपसण्यास सुरुवात झाली आणि १७६३ मध्ये पलीकडे जाण्यासाठीच्या नॉर्थ ब्रिज या पुलाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. हा पूल झाल्याशिवाय पलीकडच्या जमिनीवर कितीही सुंदर रस्ते आखले असते, तरी त्यांचा शहराला उपयोग झाला नसता. थॉमस सॉमरव्हिल या धर्मोपदेशकाने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, १७२५ मध्ये प्रथम नगरप्रमुख झाल्यापासून हा विचार आपण कधी सोडला नाही, असे ड्रमंड यांनी त्याला १७६३ मध्ये सांगितले होते. माझ्या मते त्यांचे श्रेय या चिकाटीचे आहे.

प्रतिसाद २ :
वरील उत्तराशी मी सहमत आहे. परंतु केवळ न्यू टाउनवरून ड्रमंड यांचे मोल ठरवू नये, असे मला आग्रहाने वाटते. ते मूळचे हिशेबनीस होते आणि १७०७ मध्ये अबकारी खात्याचे महालेखापाल झाले. लोकांकडून पैसा उभा करणे आणि तो चोख वापरला जाईल असा विश्वास त्यांना देणे, ही त्यांची खरी ताकद होती. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर मन्रो यांच्या साथीने त्यांनी ज्या रुग्णालयाचा पाठपुरावा केला, ते १७२९ मध्ये एका लहानशा घरात अवघ्या सहा खाटांनिशी सुरू झाले, १७३६ मध्ये त्याला राजसनद मिळाली आणि पुढे वास्तुरचनाकार विल्यम ॲडम यांच्या आराखड्यानुसार त्याची भव्य इमारत उभी राहिली. विद्यापीठात १७२६ मध्ये वैद्यकशाखा स्थापन झाली, तीही ड्रमंड यांच्या पहिल्याच कारकिर्दीत. गरीब रुग्णांवर उपचार आणि विद्यार्थ्यांना खाटेजवळ शिक्षण, ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच शहरात साधली गेली. मला हे काम पुलाहूनही मोठे वाटते.

प्रतिसाद ३ :
राजकीय बाजूही ध्यानात घ्यावी. ड्रमंड त्या वेळी ब्रिटनच्या गादीवर असलेल्या हॅनोव्हर घराण्याचे कट्टर समर्थक होते. १७१५ मध्ये ते शेरिफम्यूरच्या लढाईत जॅकोबाइटांविरुद्ध, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या बंडखोरांविरुद्ध, लढले आणि १७४५ मध्ये जॅकोबाइट सैन्य एडिंबरोवर चालून आले, तेव्हा त्यांनी स्वयंसेवकांची तुकडी उभी केली, पण शहर वाचवता आले नाही. बंड मोडल्यावर, १७४६ मध्ये ते पुन्हा नगरप्रमुख झाले आणि सरकारचा विश्वास असल्याने त्यांच्या योजनांना बळ मिळाले. मात्र त्या काळी नगरपरिषद सर्वसामान्यांच्या मतांवर निवडली जात नव्हती, आणि न्यू टाउन उभे राहिल्यावर सधन कुटुंबे तिकडे गेली, तर गरिबांच्या वाट्याला जुन्या शहरातील दाटी राहिली. ड्रमंड यांच्याविषयी आदर बाळगतानाही या गोष्टीचा उल्लेख टाळता कामा नये.