लातुरात ‘आध्यात्मिक बुद्धिमत्ते’चं शिबिर : पोरांना उपयोग होतो का?

मांजराकाठ : आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीसाठी आठवड्याचं ‘आध्यात्मिक बुद्धिमत्ता’ शिबिर ठरलंय. कारण असं की, मार्च २०२० पासून पोरं घरात कोंडली गेली, काहींच्या घरची माणसं गेली, अन् आता एका टेस्टला मार्क कमी पडले तरी कोलमडतात. हे खरंय. पण पहिल्या दिवशी एक फॉर्म, शेवटच्या दिवशी तोच फॉर्म, आणि गुण वाढले की ‘मनोबल वाढलं’! आठवडाभर ‘आयुष्याला अर्थ आहे’ ऐकलेलं पोरगं ‘पूर्ण सहमत’वरच खूण करणार. लातूरच्या पोराला ऑब्जेक्टिव्ह पेपर सोडवायला शिकवायचं का आता?

गोदाकाठची : सर, तुमचा आक्षेप मोजमापावर आहे, शिकवण्यावर नाही. ही बुद्धिमत्ता मोजायची डेव्हिड किंग यांची २००८ ची २४ विधानांची प्रश्नावली बघा. ती चार गोष्टी मोजते : अस्तित्वाचा खोल विचार, जगण्याचा अर्थ लावणं, स्वतःपलीकडचं भान, जाणिवेची अवस्था बदलता येणं. यात देव कुठं आला? बाप गेल्यावर ‘मी कशासाठी शिकू?’ हा प्रश्न पोराला पडतोच. तो विचारायला नीटच्या वेळापत्रकात एक तास तरी आहे का?

रेक्टर_बार्शी_रोड : प्रश्न खरा, पण त्याला ‘बुद्धिमत्ता’ कशाला म्हणायचं? बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारची असते, हा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणाऱ्या हॉवर्ड गार्डनर यांनीच ‘आध्यात्मिक’ला यादीत घेतलं नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८ हजारांवर मुलांना घेऊन सजगता-प्रशिक्षणाची (माइंडफुलनेस, म्हणजे ध्यानातून मन वर्तमानात ठेवण्याची) चाचणी झाली. २०२२ चा निकाल असा की, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. आमच्या होस्टेलात रविवारच्या टेस्टचा निकाल लागला की चार-दोन ताटं तशीच परत येतात. त्या पोरांना शोधून गच्चीवर घेऊन बसतो, घरी फोन लावून देतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर बोर्डावर आहे, पण मेसच्या थकबाकीच्या यादीखाली झाकलेला. आधी ती यादी हलवा म्हणतो मी.

गोदाकाठची : ती चाचणी सजगतेची होती, शिवाय तिकडच्या ११ ते १३ वर्षांच्या मुलांवर. आपली पोरं सतरा-अठराची. दोन्ही एकाच मापानं कसं मोजता?

टाळकरी_गंगाखेड : २०२१ च्या लाटेत वडील गेले तेव्हा मी बारावीत. गावात सप्ताह बसला, चुलत्यानं हातात टाळ दिला. कुणी काही समजावलं नाही, पण रात्री झोप लागायला लागली. तेव्हा अध्यात्माला नावं ठेवू नका. फक्त ते प्रोजेक्टर लावून, फी घेऊन शिकवू नका.

कोयता_ते_कॉलेज : दादा, तुमचा चुलता होता. आमच्या बीडकडची किती पोरं दिवाळीनंतर एकटी, आईबाप फडावर. त्यांना कुणी टाळ द्यायचा? वाईट असलं तरी शिबिर होऊ द्या, निदान कुणीतरी नाव घेऊन हाक मारील.

परभणीची_आपा : माझी मुलगी त्याच वयाची. ध्यानाला ना नाही, पण ओंकार म्हणायला लावणार असाल तर आधी विचारा. अनुदानित कॉलेजात पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, घटनेचं कलम २८ वाचा.

मांजराकाठ : संमतीपत्राचं उद्याच प्राचार्यांच्या कानावर घालतो. आणि शेवटचा फॉर्म तीन महिन्यांनी, बिननावाचा घ्या म्हणतो.

रेक्टर_बार्शी_रोड : तीन महिन्यांनी नीटची परीक्षा आहे राव. कोण भरतंय फॉर्म?